समुद्राला कोण बघणार

काचेच्या नळीत तो औषधाचे थेंब टाकत होता आणि मनातल्या मनात मोजत होता, तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "मी तिकिटं काढलीत." थेंब पडला. हा नववा की दहावा? नळीतलं गुलाबी पाणी निळं झालं की मोजणं थांबवायचं, आणि जितके थेंब लागले त्यावरून टाकीच्या पाण्यात कॅल्शियम किती ते काढायचं, असं ते काम होतं. कॅल्शियम कमी पडलं की कोरल वाढत नाही, जास्त झालं की पंपात दगड बसतो. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो हे करायचा. "कसली तिकिटं?" त्यानं नळीवरची नजर न काढता विचारलं. "समुद्राची," ती म्हणाली. त्यानं समोर बघितलं. समुद्र समोरच होता. दिवाणखान्याची अख्खी भिंत अडवून, निळ्या दिव्याखाली, दगड, कोरल, दोन केशरी मासे आणि काचेवरून सरकणाऱ्या गोगलगायी घेऊन चांगला घुमत होता. घरात त्याला समुद्रच म्हणायचे. समुद्राचं झाकण लाव, समुद्रावर ओला टॉवेल टाकू नका, समुद्राचा वास येतोय, असं. "हा नाही," बायको म्हणाली, "खरा. दोन तिकिटं आहेत. तुम्ही आलात तर दोघं जाऊ. नाही आलात तर मी एकटी जाईन. आणि एकदा एकटी गेले ना, की मला एकटीनं जायची सवय लागेल. एवढं लक्षात ठेवा." आणि ती गाडीची किल्ली घेऊन कामाला निघून गेली. नळीतलं पाणी निळं झालं होतं. कितव्या थेंबाला, देव जाणे.

ती मोटार ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसायची, आणि तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती माणसं समोरच्या ट्रकवर गाडी घालत असताना ही गप्प कशी बसते, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. तो स्वतः विमा कंपनीत दावे तपासायचा. त्यातही 'पाण्यामुळे झालेलं नुकसान' हा विभाग त्याच्याकडे. फुटलेले पाइप, भरून वाहिलेल्या टाक्या, वॉशिंग मशीननं बुडवलेले गालिचे, सगळं शेवटी त्याच्या टेबलावर यायचं. ऑफिसात त्याला शंकासुर म्हणायचे, तोंडावर सुद्धा, आणि तो ओ द्यायचा. दावा घेऊन आलेल्या माणसाला तो पहिला प्रश्न विचारायचा, की हे झालं तेव्हा तुम्ही कुठं होता? माणूस ओशाळून सांगायचा, बाहेरगावी. बहिणीकडे. फिरायला. इतकी वर्षं हेच ऐकून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. पाइप आपोआप फुटत नाही. पाइप कान देऊन बसलेला असतो, आणि कुलूप लावल्याचा आवाज आला की फुटतो.

पण हे ऑफिसात शिकलेलं नव्हतं. ऑफिसनं फक्त पुरावे दिले. मूळ होतं बाबांत. लहानपणी समुद्र बघायला ते लोक कितीदा तरी निघाले होते. आई नवी साडी नेसून खिडकीपाशी, तो मधे, बाबा कडेला मांडीवर पिशवी घेऊन. बस गावाबाहेर पडायची, शेतं लागायची, आईचा चेहरा सैल व्हायला लागायचा, आणि मग बाबा हळूच म्हणायचे, "स्टोव्ह बंद केला होता ना गं?" आई म्हणायची, केला होता. मग थोड्या वेळानं बाबा, "मागच्या दाराची कडी?" पुढचा थांबा आला की तिघं खाली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उलटी बस धरायची. घरी येऊन बघावं तर स्टोव्ह गार, कडी लागलेली, सगळं जिथल्या तिथं. बाबांना मग इतका आनंद व्हायचा, की ते सगळ्यांना आइस्क्रीम खायला न्यायचे. काहीही झालं नाही, ह्याचं आइस्क्रीम. त्यामुळे पोरवयात त्याची अशी समजूत झाली, की समुद्र म्हणजे एक असं ठिकाण आहे, जिथं निघालं की आइस्क्रीम मिळतं. आई मात्र शेवटपर्यंत विचारायची, "अरे, तिकडचं पाणी खरंच खारट असतं का, की उगीच म्हणतात?" त्यालाही माहीत नव्हतं. आताही खरं तर नव्हतं. टाकीतलं पाणी तो पिशवीतलं मीठ मोजून घालून करायचा, समुद्राइतकं खारट, यंत्राला दाखवून. पण समुद्राशी ताडून बघायला समुद्र त्यानं पाहिला कुठं होता? चित्रातल्या माणसाचे कपडे शिवावेत तसं ते चाललेलं होतं.

जायचं तर समुद्राला बघायला कुणीतरी हवं. बाबा घरात होते, पण बाबांवर सोपवायचं म्हणजे कठीण. घरात कुठंही लाल दिवा लागलेला दिसला की ते बटण बंद करायचे, आणि समुद्राला तर सोळा बटणं होती. म्हणून यंत्र. टाकीतले मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात त्यानं ते आधीही पाहिलं होतं, काचेच्या कपाटात, लग्नाच्या दागिन्यासारखं. एक काळा डबा. त्यातून वायरी निघतात. एक पाण्याची उष्णता बघते, एक आंबटपणा, एक खारटपणा. उष्णता वाढली की डबा हीटर बंद करतो, पंखे लावतो, दिवे मालवतो. पाणी वाफ होऊन कमी झालं की नळ उघडून भरून घेतो. आणि ह्या सगळ्याची खबर फोनवर. "हा सगळं बघतो, साहेब," मासेवाला म्हणाला. "आणि ह्याला कोण बघतं?" त्यानं विचारलं. मासेवाल्यानं दुसरा डबा काढला, जास्त महागाचा, जो स्वतःकडे स्वतःच बघायचा. म्हणजे चोरालाच विचारायचं, चोरी झाली का? त्यानं तो परत ठेवायला सांगितला. तिसऱ्याला इंटरनेट लागायचं. इंटरनेट गेलं तर? "तर तो वाजतो." घरात कुणी नसताना कुणासाठी वाजतो? चौथ्याला बॅटरी होती. बॅटरी उतरली तर? "तर तो तुम्हाला कळवतो." बॅटरी उतरल्यावर? मासेवाल्यानं कपाळावरचा घाम पुसला. "साहेब, यंत्र घेताय की जावई बघताय?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. तो हसला नाही. जावयाकडून घरात पाणी शिरत नाही.

असं बरेच दिवस चाललं. ऑफिसात समोर एखाद्या बाईचा भिजलेला सोफा असायचा आणि ह्याच्या डोळ्यांपुढे वायरी. शेवटी त्यानं इंटरनेटवालाही घेतला आणि बॅटरीवालाही. एक दुसऱ्यावर लक्ष ठेवेल म्हणून. पण लावल्यावर एकानं पाणी पंचवीस अंश सांगितलं आणि दुसऱ्यानं सव्वीस. तो रात्रभर तळमळला. खरं कोण बोलतंय? दोघांत वाद असेल तर तिसरा पाहिजे, म्हणून त्यानं कपाटातलं तापाचं थर्मामीटर काढलं, दोरा बांधला आणि समुद्रात सोडलं. ते पाण्यात जाऊन थोडा वेळ गप्प बसलं, मग म्हणालं 'लो'. तापच नाही म्हणे. पेशंट जिवंत आहे का ते बघा. तो खजील झाला, आणि खजील झाल्यामुळे ते बाहेर काढायचंच विसरला. पाणी भरायच्या नळाची मात्र त्यानं जातीनं व्यवस्था केली. खालच्या कपाटात दुसरी टाकी असते, तिच्यात एक तरंगता गोळा असतो. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि नळ बंद. मासेवाला म्हणाला, एक गोळा पुरे. "एका साक्षीदारावर मी आजपर्यंत एकही दावा मंजूर केलेला नाही," तो म्हणाला. त्यानं दोन गोळे बसवले, आणि डब्याला समजावून सांगितलं, की पाणी भरलंय असं दोघंही म्हणाले तरच नळ बंद करायचा. एकट्या-दुकट्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे करून झाल्यावर त्याला त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली.

बायकोनं सगळ्या वायरी बघितल्या आणि म्हणाली, "आता सराव करू. रविवारी ताईकडे जेवायला जाऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाला. उठायचं नाही. फोन बघितलात तरी चालेल, पण उठायचं नाही." आपल्या शिकाऊ लोकांना ती असंच, पहिल्यांदा मोकळ्या मैदानात घेऊन जायची. बाबा म्हणाले, मला जरा कसकसतंय, मी पडतो घरी. जेवण छान चाललं होतं. साडू त्याच्या ताटाशेजारच्या फोनकडे बघून म्हणाला, "काय, भाव पडले का माशांचे?" आणि सगळे हसले, आणि तोही हसला, कारण फोनवर पंचवीस होतं आणि त्याला एकदम वाटलं, जगात असंही बसता येतं तर. मेहुणी वाढत होती, पंखा फिरत होता, घरी समुद्र आपला आपण होता. आपण इथं आहोत आणि तिथं काही होत नाहीये. दोन्ही एकदम. त्यानं आणखी वाढायला सांगितलं. तेवढ्यात फोन थरथरला. सत्तावीस. त्यानं घास तोंडात तसाच धरला. तीस. "अहो," बायको म्हणाली. तेहेतीस. इतक्या वेगानं पाणी तापायचं तर खाली जाळ पाहिजे. त्याच्या डोळ्यांपुढे कोरल पांढरं पडायला लागलं, केशरी मासे कडेला, गोगलगायी गळून खाली. छत्तीस. दुसरा डबा सव्वीसच सांगत होता, पण एकाला जाळ दिसत असताना दुसऱ्याचं कोण ऐकतो? "उकळतंय!" तो ओरडला आणि ताटावरून उठला.

गाडी बायकोची, शिकवायची, डोक्यावर मोठी पाटी. ती चालवायला बसली आणि तो शेजारी, म्हणजे नेमका त्या जादा ब्रेकवर. ती वेग घ्यायची आणि समोर एखादी सायकल दिसली, की ह्याचा पाय आपोआप खाली जायचा. गाडी गचकन थांबायची. "पाय काढा." "काढला." पुढच्या चौकात परत. मागचे लोक हॉर्न मारत पुढे जाताना पाटी बघायचे आणि कीव केल्यासारखे हात हलवायचे. एक रिक्षावाला शेजारी येऊन बायकोला म्हणाला, "जमेल ताई, घाबरू नका!" पंधरा वर्षं ती गाडी शिकवत होती. एक हात स्टिअरिंगवर ठेवून तिनं दुसऱ्या हातानं त्याची मांडी धरली आणि पाय उचलून ठेवला, घरापर्यंत. सदतीस. साडेसदतीस. मग अडतीसच्या आसपास आकडा थांबला. त्याला ते जास्तच भयंकर वाटलं. वाढायला आता उरलंय काय?

दार उघडलं तर आत अंधार. पाणी तापलं म्हणून डब्यानं दिवे मालवले होते, सगळे पंखे सोडले होते, घरात वादळ सुटल्यासारखे पडदे उडत होते. आणि कोचावर बाबा, चादर गुंडाळून, थंडीनं कुडकुडत, हात छातीशी घट्ट धरून. समुद्रातून एक वायर निघून, खुर्चीवरून, टीपॉयवरून, बाबांच्या सदऱ्यात गेली होती. "बाबा!" "श्श," बाबा म्हणाले, "अजून वाजलं नाही." "काय वाजलं नाही?" "हेच तुझं. काखेत धरलंय मघापासून. घरातलं थर्मामीटर तू माशांना दिलंस. मग म्हटलं, ह्याची वायर लांब आहे." तो समुद्राकडे धावला. बोट बुडवलं. गारच होतं, जरासं जास्तच गार. केशरी मासे नेहमीसारखे एकमेकांच्या मागं. तो परत येऊन बाबांच्या शेजारी बसला, आणि बसताना हात बाबांच्या हाताला लागला. हात चटका बसावा तसा तापलेला होता. डबा खोटं बोलला नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत तो ओरडून सांगत होता, तापलाय, तापलाय, आणि आपल्याला एकदाही वाटलं नाही, की घरात मासे सोडून आणखी कुणी तापू शकतं. सकाळी बाबा कसकसतंय म्हणाले, तेव्हा आपण काय म्हणालो? 'बटणांना हात लावू नका' म्हणालो. बायको तोपर्यंत पंखे बंद करून पाण्याच्या पट्ट्या घेऊन आली होती. "बाबा, हात वर करा," ती म्हणाली, आणि वायर काढून पुसून त्याच्या हातात दिली. "घ्या. तुमचा मासा." डॉक्टर आले. त्यांनी ताप कधीपासून विचारलं, तर त्यानं फोन पुढे केला. मिनिटामिनिटाचा आलेख. डॉक्टर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात सुद्धा तापाचा इतका सुंदर कागद पाहायला मिळत नाही.

त्याला वाटलं, आता जाणं रद्द होईल. खरं सांगायचं तर आत कुठंतरी त्याला हलकं वाटलं. कुणी वाईटही म्हणणार नाही, वडील आजारी आहेत. पण ताप दोन दिवसांत उतरला. बायको पिशवी भरत होती. एकच पिशवी, एका माणसाची. तो दारात उभा राहून बघत होता. टॉवेल एक. चपलांचा जोड एक. ती चेन लावणार एवढ्यात त्याच्या तोंडून निघालं, "माझा निळा शर्ट मावेल का त्यात?" तिनं वर बघितलं नाही. "दाबून बसवू," म्हणाली. बाबांना तिनं परत परत विचारलं, तुम्हीही चला. "मी काय बघायचं तिथं? पाणीच ना," बाबा म्हणाले. "आणि कुणीतरी घरी पाहिजे. ह्याच्या डब्याला तरी कोण आहे?" बसमध्ये शेतं लागली. प्रत्येक थांब्याला त्याचे पाय आपले आपण उठू बघायचे. बायको खिडकीबाहेर बघत शेंगा खात होती आणि त्याच्या तळहातावर टाकत होती. हात शेंगांनी भरलेला असला की माणसाला उठता येत नाही.

समुद्र त्यानं पाहिला तो एका बटाट्याच्या गोदामाच्या कोपऱ्यावरून वळल्यावर, आणि त्याच्या मनात पहिलं आलं ते असं, की हे कुणीतरी असंच उघडं टाकून गेलंय. पाणी गढूळ. फेस साचलेला, म्हणजे फिल्टर चालत नाही. एक लाट लहान, एक मोठी, पंपाचा ताळमेळ नाही. कडेला वर आलेलं शेवाळ, त्यात एक चप्पल. उष्णता किती, माहीत नाही. खारटपणा, माहीत नाही. इतकं पाणी, आणि कुणाचंही लक्ष नव्हतं. आणि तरी ते होतं. इतकी वर्षं आपण थेंब मोजत होतो ते मग कशासाठी? बायको केव्हाच पुढे गेली होती, गुडघ्यापर्यंत, हातात दोन्ही चपला. "अहो, या की!" त्यानं बूट काढले, मोजे बुटात घातले, एका हातानं पँट वर धरली आणि पुढे झाला. पाणी आलं, घोट्यांना लागलं, पायाखालची वाळू ओढून घेऊन गेलं. पडतोय की काय म्हणून त्यानं तोल सावरला. वाकून बोट बुडवलं आणि चाटलं. खारट होतं. खरंच होतं. उगीच म्हणत नव्हते. त्याला आईला हाक मारून सांगावंसं वाटलं, आणि तेवढ्यात खिशात फोन थरथरला. संपर्क तुटला, असं त्यावर लिहिलं होतं. डबा बंद. दुसराही बंद. त्यानं किनाऱ्याकडे बघितलं, बूट कुठं आहेत ते बघितलं, गोदामाच्या पलीकडे बस उभी असते ते आठवलं. बायको लांबून बघत होती. ती हाक मारत नव्हती, नुसती बघत होती. मग फोन वाजला. बाबा.

"पोचलात का?"

"पोचलो. बाबा, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. लाट कशी असते रे?"

"येते. आणि जाते."

"जाते होय," बाबा म्हणाले. "इथं जात नाहीये."

"काय जात नाहीये?"

"पाणी. घोट्याच्या वर आलंय. तुझ्या त्या दोन गोळ्यांतल्या एकावर गोगलगाय चढून बसलीय. तो बिचारा म्हणतोय पाणी कमी, दुसरा म्हणतोय भरलं. डबा बसला दोघांचं एकमत व्हायची वाट बघत. मी झोपलो होतो, चादर भिजली तेव्हा उठलो."

"नळ बंद करा! बाबा, मेन स्विच!"

"सगळं केलंय. मी काय तुझा डबा आहे? माशांना कपाटातला सेलवाला हवेचा पंप लावलाय. बसलेत दोघं एका कोपऱ्यात. बरे दिसतायत."

"मी निघतो. आत्ता निघतो. बस मिळेल."

"येऊन काय करणार? पुसणार? पुसायला मी आहे की. खालच्या मजल्यावरच्या बाई पण आल्यात. छतातून गळतंय म्हणून भांडायलाच आल्या होत्या. म्हटलं, आधी चपला काढा आणि आत या."

"मग?"

"आल्या. उभ्या आहेत. म्हणतायत, पायाला बरं वाटतंय." मागून एका बाईचं हसणं आणि पाणी पायानं उडवल्याचा आवाज आला. "मी बोट घालून चाखलं. आहे रे खारट. तिकडचं कसं आहे?"

त्यानं बायकोकडे बघितलं. ती अजून तिथंच उभी होती, आणि तिच्यामागं एक लाट चढत होती, चांगली मोठी, कुणीही न सांगता. "तसंच आहे," तो म्हणाला. "थोडं जास्त."

"जास्त असणारच. बरं, ठेव आता फोन," बाबा म्हणाले. "मला दोन्ही हातांनी धोतर वर धरायचंय."